विश्लेषण : टीव्ही बंद, तरी मीटर चालूच? घरातल्या टीव्हीच्या विजेचा खरा हिशेब

वीजबिलाचा आकडा मोठा दिसला की अनेक घरांत पहिला संशय टीव्हीवर जातो. दुपारभर मालिका पाहणारी आजी, कार्टून लावून बसलेली मुले किंवा रात्री उशिरापर्यंत सामना पाहणारे बाबा, यांच्यापैकी कोणीतरी बोलणी खातेच. पण टीव्ही खरोखर किती वीज खातो? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठा पडदा काहीसा आवाक्यात आला. टीव्ही एकदाच विकत घेतला जातो, त्याची वीज मात्र दरमहा विकत घ्यावी लागते. त्या विजेचा हिशेब मांडला तर एक गोष्ट समोर येते. साध्या टीव्हीवर घेतला जाणारा संशय बऱ्याचदा चुकीचा असतो आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या छोट्या डब्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

टीव्ही ताशी किती वीज खातो?

एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज खर्च होते. या मापाने पाहिले तर आजचा एलईडी टीव्ही हे घरातील कमी वीज खाणारे उपकरण आहे. ३२ इंची एलईडी टीव्हीला साधारण ३० ते ५० वॉट लागतात. ४३ इंची टीव्हीला ५० ते ८०, ५५ इंची फोर-के टीव्हीला ९० ते १३०, तर ६५ इंचीला १२० ते १७० वॉट लागू शकतात. मॉडेल, पडद्याचा उजेड आणि दिसणारे चित्र यांनुसार हे आकडे वरखाली होतात.

तुलनेसाठी छताचा साधा जुना पंखा घ्या. तो ७० ते ७५ वॉट घेतो. म्हणजे ३२ इंची टीव्ही पंख्यापेक्षा कमी वीज खातो. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जाते. तेवढ्या विजेत ४० वॉटचा टीव्ही २५ तास चालतो. आंघोळीचे पाणी दोनदा तापवायचे आणि टीव्ही पाहणाऱ्याला बोल लावायचा, हे गणितात बसत नाही.

पडदा वाढला की वीज किती वाढते?

इथे बरेच जण फसतात. टीव्हीचा आकार इंचांत सांगितला जातो आणि तो पडद्याच्या कर्णाचा असतो. ३२ वरून ६५ इंचांवर गेलो तर आकार दुप्पट झाला असे वाटते. पण वीज लागते ती पडद्याच्या क्षेत्रफळाला आणि क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ३२ इंचांच्या तुलनेत ४३ इंची पडदा १.८ पट, ५५ इंची जवळपास तिप्पट आणि ६५ इंची चौपटीहून थोडा मोठा असतो.

एलईडी टीव्हीमध्ये पडद्यामागे दिव्यांची मांडणी असते, तिला बॅकलाइट म्हणतात. त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा फार थोडा भाग पडद्यातून पार होऊन आपल्यापर्यंत पोहोचतो, बाकीचा आतच शोषला जातो. म्हणून टीव्हीची बहुतेक वीज या बॅकलाइटवर खर्च होते. फोर-के पडद्यात चित्राचे ठिपके अधिक बारीक असतात. त्यातून प्रकाश पार करण्यासाठी जास्त उजेड लागतो आणि चित्रावर प्रक्रिया करणाऱ्या चिपचे कामही वाढते. ओएलईडी टीव्हीत बॅकलाइट नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. त्यामुळे काळोखी दृश्ये असतील तर वीज कमी लागते आणि पडदाभर पांढरे दृश्य असेल तर जास्त.

महिन्याचे बिल किती येते?

महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० युनिटच्या पुढे असे टप्पे आहेत. दर आदेशानुसार बदलतात, म्हणून इथे हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. वहन आकार धरून पहिल्या टप्प्यात युनिटला सुमारे सहा रुपये आणि दुसऱ्या टप्प्यात सुमारे १२ रुपये. त्यावर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क मिळवले की पहिल्या टप्प्यातील युनिट सुमारे सात रुपयांना आणि दुसऱ्यातील सुमारे १४ रुपयांना पडते. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवरचे दर वेगळे आहेत. गोव्यातील घरगुती दर महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी आहेत. आपल्या बिलावरचा दर घेऊन हाच हिशेब करता येईल.

रोज पाच तास टीव्ही चालतो असे धरले तर महिन्याचा खर्च असा येतो :

- ३२ इंची, ४० वॉट : ६ युनिट, पहिल्या टप्प्यात ४२ रुपये, दुसऱ्यात ८४ रुपये
- ४३ इंची, ७० वॉट : १०.५ युनिट, सुमारे ७४ किंवा १४७ रुपये
- ५५ इंची फोर-के, ११० वॉट : १६.५ युनिट, सुमारे ११६ किंवा २३१ रुपये
- ६५ इंची फोर-के, १५० वॉट : २२.५ युनिट, सुमारे १५८ किंवा ३१५ रुपये
- पिक्चर ट्यूबचा जुना २१ इंची टीव्ही, ८० वॉट : १२ युनिट, ८४ किंवा १६८ रुपये

शेवटची ओळ लक्षात घेण्यासारखी आहे. जुना डबा टीव्ही काढून ४३ इंची एलईडी आणला, तर पडदा कितीतरी मोठा होऊनही बिल वाढत नाही. पण तोच ३२ इंची एलईडी काढून ५५ इंची आणला तर विजेचा खर्च जवळपास पावणेतीन पट होतो.

टप्पा ओलांडला की सगळेच युनिट महाग होतात का?

नाही. १०१ वे युनिट वापरले म्हणून आधीचे १०० युनिट महाग होत नाहीत. ज्या टप्प्यात जितके युनिट पडतात, तितक्यांनाच त्या टप्प्याचा दर लागतो. तरीही नवे उपकरण घेताना टप्प्याचा विचार करावाच लागतो, कारण वाढीव युनिट नेहमी शेवटच्या, म्हणजे महाग टप्प्यात जाऊन बसतात.

समजा, एखादे घर महिन्याला ९५ युनिट वापरते. त्या घरात ५५ इंची टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स मिळून सुमारे २४ युनिटची भर पडली. त्यातील पाच युनिट सात रुपयांनी जातील आणि उरलेली १९ युनिट १४ रुपयांनी. म्हणजे ३५ अधिक २६६, एकूण ३०१ रुपये. ‘आपले युनिट सात रुपयांना पडते’ असे धरून कोणी १६८ रुपयांचा अंदाज बांधला असेल तर तो चुकणार. शंभर युनिटच्या काठावर असलेल्या कुटुंबांना मोठा टीव्ही म्हणूनच जास्त टोचतो. बचतीलाही हेच लागू पडते. अशा घरात वाचलेले प्रत्येक युनिटही १४ रुपयांचे असते.

शेजारचा छोटा डबा किती खातो?

आता मुख्य मुद्दा. बहुतेक घरांत रात्री रिमोटचे बटण दाबून टीव्ही बंद होतो, पण सेट टॉप बॉक्स चालूच राहतो. साधा सेट टॉप बॉक्स ८ ते १५ वॉट घेतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हा डबा दिवसाचे २४ तास चालतो. १० वॉट धरले तरी महिन्याला ७.२ युनिट होतात. रोज पाच तास चालणाऱ्या ३२ इंची टीव्हीचे होतात सहा युनिट. म्हणजे ज्याच्याकडे कोणी पाहतही नाही तो डबा, ज्याच्याकडे सगळे घर पाहते त्या टीव्हीपेक्षा जास्त वीज खातो.

बॉक्सच्या रिमोटने त्याला स्टँडबायवर टाकले तर? अनेक बॉक्समध्ये त्याने फारसा फरक पडत नाही. पुढचा दिवा रंग बदलतो, पण आतील ट्यूनर आणि प्रोसेसर जागेच राहतात. सिग्नल धरून ठेवणे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करणे ही कामे सुरूच असतात. बॉक्स हाताला कोमट लागत असेल तर तो वीज घेत आहे असे समजावे. हे डीटीएच आणि केबल दोन्हींच्या बॉक्सला लागू आहे. मासिक शुल्क नसलेल्या डीडी फ्री डिशचा बॉक्सही विजेच्या बाबतीत फुकट नसतो.

हा बॉक्स टीव्हीसोबत बोर्डावरून बंद केला तर रोजच्या पाच तासांत तो महिन्याला दीड युनिट घेईल. महिन्याला ५.७ आणि वर्षाला सुमारे ६९ युनिट वाचतील. पहिल्या टप्प्यातील घराचे वर्षाला सुमारे ४८० रुपये, तर दुसऱ्या टप्प्यातील घराचे सुमारे ९६० रुपये. यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

देशाच्या पातळीवर हा आकडा मोठा होतो. ‘बार्क’च्या २०२० मधील अंदाजानुसार भारतात २१ कोटी घरांत टीव्ही आहे. समजा, त्यांपैकी १० कोटी घरांतील बॉक्स मध्यरात्री विनाकारण १० वॉट घेत असतील, तर ती मागणी एक हजार मेगावॅट होते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक कोयना, तीही कोणी टीव्ही पाहत नसताना.

टीव्हीचा लाल दिवाही वीज खातो का?

खातो, पण अगदी थोडी. अनेक नवे टीव्ही स्टँडबायवर अर्ध्या वॉटच्या आसपास असतात. युरोपीय संघाने तर २०१३ पासून बहुतांश घरगुती उपकरणांच्या साध्या स्टँडबायसाठी अर्ध्या वॉटचीच मर्यादा घातली आहे. अर्धा वॉट म्हणजे १९ तासांच्या हिशेबाने महिन्याला पाव युनिटहून थोडे जास्त, चार रुपयांच्या आत. केवळ तेवढ्यासाठी रोज टीव्हीमागे हात घालण्याची गरज नाही.

अपवाद दोन. जुन्या टीव्हीचे स्टँडबाय पाच वॉटपर्यंत असू शकते. स्मार्ट टीव्हीत ‘क्विक स्टार्ट’सारखी सोय चालू असेल, तर टीव्ही चटकन सुरू व्हावा म्हणून आतला काही भाग जागा ठेवला जातो आणि वीज वाढते. सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करता येते.

स्टार लेबलवर नेमके काय पाहावे?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो म्हणजेच ‘बीईई’ची स्टार लेबल योजना २००६ मध्ये सुरू झाली. टीव्हीवरील लेबलवर तारे मोठे दिसतात, पण ग्राहकाच्या कामाचा आकडा त्याच लेबलवर लहान अक्षरांत असतो, तो म्हणजे वर्षाला लागणारे युनिट.

तारे देताना पडद्याचे क्षेत्रफळ विचारात घेतले जाते. म्हणजे पंचतारांकित ६५ इंची टीव्ही हा त्याच्या आकाराच्या टीव्हींमध्ये काटकसरी असतो. दोन तारे असलेल्या ३२ इंची टीव्हीपेक्षा तो जास्तच वीज घेईल. वेगवेगळ्या आकारांचे टीव्ही तपासताना तारे मोजू नका, युनिट पाहा.

हा वार्षिक आकडा टीव्ही रोज सहा तास चालू आणि १८ तास स्टँडबायवर राहील असे धरून काढतात. लेबलवर ९० युनिट लिहिले असतील तर महिन्याला साडेसात युनिट झाले. दुसऱ्या टप्प्यातील घराला ते सुमारे १०५ रुपयांना पडतील. तुमच्याकडे टीव्ही १२ तास चालत असेल तर हा आकडा दुप्पट धरा. सेट टॉप बॉक्सची वीज या लेबलमध्ये नसते.

लेबलवर कमी आणि घरात जास्त, असे का होते?

कारण चित्राची सेटिंग. चाचणी साधारणपणे कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ सेटिंगवर होते. दुकानात मात्र झगझगीत दिव्यांत चित्र उठून दिसावे म्हणून टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डेमो’ मोडवर ठेवलेला असतो. घरी आणल्यावरही तीच सेटिंग राहिली तर गरज नसताना बॅकलाइट पूर्ण जोरात चालतो.

अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने २०१६ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. ग्राहकाने चित्राची सेटिंग बदलली की काही टीव्हींमधील वीज वाचवणाऱ्या सोयी आपोआप बंद होत आणि विजेचा वापर दुपटीपर्यंत जाऊ शके, असे त्या अभ्यासात आढळले.

उपाय सोपा आहे. टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना ‘होम’ की ‘स्टोअर’ असे विचारले जाते, तिथे ‘होम’ निवडावे. नंतर ‘स्टँडर्ड’, ‘सिनेमा’ किंवा ‘इको’ मोड ठेवावा. उजेड कमी करताना मेनूमधला ‘बॅकलाइट’ कमी करावा. अनेक टीव्हींत ‘ब्राइटनेस’ या नावाची सेटिंग चित्रातील काळेपणा बदलते, तिने विजेत फरक पडत नाही.

जीएसटीत वाचलेले पैसे विजेत जातात का?

एक उदाहरण पाहू. करापूर्वी ३५ हजार रुपये किंमत असलेला टीव्ही २८ टक्के जीएसटीसह ४४,८०० रुपयांना पडत होता. १८ टक्क्यांनी तो ४१,३०० रुपयांना पडतो. वाचले साडेतीन हजार. हे पाहून एखाद्याने ४३ इंची घेण्याचा विचार सोडून ५५ इंची घेतला, तर वरच्या हिशेबाने महिन्याला सहा आणि वर्षाला ७२ युनिट जास्त लागतील. दुसऱ्या टप्प्यात ते सुमारे एक हजार रुपये होतात. म्हणजे करात वाचलेली रक्कम साडेतीन वर्षांत वीजबिलातून निघून जाईल. टीव्ही त्यानंतरही काही वर्षे चालणार आहे.

याचा अर्थ मोठा टीव्ही घेऊ नये असा नाही. बैठकीची खोली मोठी असेल, घरात पाहणारे जास्त असतील तर तो खर्च योग्यच आहे. फक्त किमतीच्या पाटीवर न लिहिलेला हा भाग घेतानाच धरावा.

विजेचा खर्च मोठा की रिचार्जचा?

बहुतेक घरांत रिचार्जचा. ३२ इंची टीव्ही आणि कायम चालू असलेला बॉक्स मिळून महिन्याला सुमारे १३ युनिट होतात, म्हणजे ९२ ते १८५ रुपये. डीटीएच किंवा केबलचा पॅक तीनशे रुपयांचा असेल तर तोच वरचढ ठरतो. ‘ट्राय’ने नेटवर्क क्षमता शुल्कावर आधी मर्यादा घातली होती, दोनशे वाहिन्यांसाठी महिना १३० रुपये. २०२४ मध्ये ती काढण्यात आली. वाहिन्यांचे दर आणि १८ टक्के जीएसटी वेगळा. त्यात ओटीटी आणि ब्रॉडबँडची भर पडली की वीज या यादीत सर्वांत खाली जाते. टीव्हीचा खर्च कमी करायचा असेल तर न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांचा पॅक आधी तपासावा.

आपल्या टीव्हीची वीज घरीच मोजता येते का?

येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. काही मिनिटांसाठी फ्रिज, इन्व्हर्टर, राउटरसह सर्व बंद करा. फक्त टीव्ही आणि बॉक्स चालू ठेवा आणि दिवा दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ११,२५० ला त्या सेकंदांनी भागले की वॉट मिळतात. २२५ सेकंद लागले तर टीव्ही आणि बॉक्स मिळून ५० वॉट घेत आहेत. मग टीव्ही रिमोटने बंद करून पुन्हा मोजा. दिवा लुकलुकतच राहिला, तर तो बहुतांशी बॉक्सचा खर्च. मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा आणि दहाने गुणा. ११,२५० च्या जागी ते उत्तर वापरा.

मग घरात नेमके काय बदलावे?

टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स बटण असलेल्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत आणि तो बोर्ड सहज हात पोहोचेल असा ठेवावा. टीव्हीमागे वाकावे लागले तर ज्येष्ठांना ते जमत नाही आणि दोन दिवसांत सवय मोडते. बॉक्स पुन्हा सुरू व्हायला एक-दोन मिनिटे लागतात, एवढीच गैरसोय. ज्या बॉक्सवर रात्री कार्यक्रम रेकॉर्ड होतात तो मात्र बंद करता येणार नाही. ओएलईडी टीव्ही असेल तर त्याचा प्लग लगेच काढू नये, कारण स्टँडबायवर असताना तो पडद्याची स्वतःच देखभाल करतो. अशा घरात बॉक्सचे बटण वेगळे ठेवावे. पावसाळ्यात विजा कडाडत असताना मात्र सर्वच प्लग आणि डिशची वायर काढलेली बरी.

राहिला प्रश्न दिवसभर टीव्ही लावून बसणाऱ्या आजीचा. ३२ इंची टीव्ही १२ तास चालला तरी अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, टप्प्यानुसार दिवसाला साडेतीन ते सात रुपये. घरातले सगळे कामावर गेल्यावर तिला मिळणाऱ्या सोबतीची ही किंमत आहे. बिल कमी करायचे असेल तर तिच्या हातातला रिमोट काढून घेण्याऐवजी रात्री झोपताना बोर्डावरचे एक बटण बंद करावे.